आईच्या घरचा रविवर्मा : किळीमानूरची ट्रिप

शुक्रवार

राजा रविवर्मांचं लहानपणीचं घर बघायला केरळात जायचं हे मावशीच्या डोक्यात कित्येक वर्षं होतं. मावशी म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेली बाई, हजारो पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेली, त्यामुळे तिच्याबरोबर जायचं म्हणजे गाईड वेगळा करायची गरजच नाही. जानेवारीची तिकिटं काढली, नेत्रावती एक्सप्रेस, कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून.

गाडी सुटून पाच-दहा मिनिटं झाली असतील नसतील, घाटकोपर गेलं आणि मावशी खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, "इथेच कुठेतरी त्यांचा छापखाना होता बघ." १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत लिथोग्राफीचा प्रेस काढला, जर्मनीहून मशिनं आणि कारागीर आणले, आणि मग प्लेगच्या दिवसांत तो सगळा पसारा लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथे फ्रिट्झ श्लायशर नावाचा जर्मन माणूस होता, त्यालाच पुढे १९०१ मध्ये त्यांनी प्रेस विकून टाकला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी याच प्रेसचं काम करत होते. म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या देवघरात जी लक्ष्मी होती, कमळावर उभी, बाजूला सोंडेत हार घेतलेला हत्ती, ती मळवलीच्या दगडावरून आलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

दगडावरून हे शब्दशः. मावशीने मला डब्यात बसून समजावलं, की एकेका रंगासाठी वेगळा दगड, त्यावर तेवढ्याच रंगाचा भाग तेलकट शाईने काढायचा, दगड ओला करायचा, मग शाई लावली की ती तेलकट जागीच धरते, आणि असे एकावर एक रंग चढवत जायचं, एखादा दगड केसभर जरी हलला तरी देवीचा ओठ गालावर जातो. शेवटी वरून वार्निश, म्हणजे तैलचित्रासारखी चमक येते. समोरच्या बर्थवरचे काका पनवेलपासून हे ऐकत होते, त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरी सरस्वतीच्या चित्रावर खरी जर चिकटवलेली होती, आईने हाताने शिवलेली. मावशी म्हणाली हो, तशी पद्धतच होती, बायका चित्रातल्या देवीला खरी साडी आणि टिकल्या लावायच्या.

तर आपल्याला रविवर्मा माहीत आहेत ते असे, मुंबईकडून. मला बघायचं होतं ते दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे ज्या मुलाच्या हातून पुढे हे सगळं झालं तो मुलगा कुठल्या घरात वाढला.

शनिवार

रात्री झोपेतच बैंदूर मागे गेलं. तिथून कोल्लूरचं मूकाम्बिकेचं देऊळ जवळ आहे, आणि रविवर्मांनी १८७० मध्ये तिथे एक्केचाळीस दिवस राहून उपासना केली होती. तिथून परत जाताना कोळिकोडला त्यांना पैसे घेऊन केलेलं पहिलं काम मिळालं, एका मेनन कुटुंबाचं चित्र. त्या वेळी वय बावीस. आमची गाडी कोळिकोडला सकाळी पोचली, प्लॅटफॉर्मवर पळमपुरी म्हणजे पिकल्या केळ्याची भजी मिळाली, गरम होती, आणि चहा. मला हे फार आवडलं की ज्या वाटेने ते गेले-आले, त्याच पट्ट्यातून आपण खाली चाललोय. त्या काळी बैलगाडी, होडी आणि पायी.

बाकी दिवस पाणी आणि नारळ बघण्यात गेला. संध्याकाळी तिरुवनंतपुरम, म्हणजे त्रिवेंद्रम. स्टेशनसमोरच तंपानूरचा बस स्टँड आणि त्याच्याजवळ वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी बांधलेलं विटांचं गोल कॉफी हाऊस, ज्यात रॅम्प चढत चढत जायचं आणि टेबलंही त्याच चढावर लावलेली. मसाला डोसा खाल्ला, त्यात बीट असतं, मावशीला नाही आवडला. झोपलो.

रविवार

म्युझियम सोमवारी बंद असतं म्हणून आज आधी चित्रं आणि उद्या घर असा क्रम ठेवला होता. नेपियर म्युझियमच्याच आवारात श्रीचित्रा आर्ट गॅलरी आहे, १९३५ साली सुरू झालेली, आणि आता त्याच आवारात रविवर्मांच्या चित्रांसाठी नवीन इमारत झाली आहे, २०२३ मध्ये उघडली. रविवार असल्यामुळे बाहेर बागेत नुसती पोरं आणि फुगेवाले, आत मात्र थंड आणि शांत, गर्दी बेताची.

शकुंतला इथे आहे. पायात काटा रुतल्याचं निमित्त करून मागे वळून दुष्यंताकडे बघणारी, १८९८ ची. आपण ही शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरवर, काडेपेटीवर सगळीकडे पाहिलेली असते आणि त्यामुळे वाटतं की माहीत आहे. माहीत नसतं. मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर पहिली गोष्ट कळली ती वजनाची. ती एका पायावर उभी आहे आणि तिने मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकलाय, आणि त्या हातावर खरंच तिचा भार आलाय, मैत्रिणीचा खांदा तो भार घेतोय. छापील चित्रात हा भार येत नाही, तिथे ती नुसती पोझ दिसते. मावशीने चष्मा काढून घालून तीनदा बघितलं आणि म्हणाली की मी पस्तीस वर्षं मुलांना 'मानवाकृतीचा तोल' शिकवला, एकदा इथे घेऊन यायला हवं होतं सगळ्यांना.

हंस-दमयंती पण इथेच, १८९९. त्या चित्राबद्दल एवढंच सांगते की साडी बघा. लाल साडीचा काठ जिथे घडी पडते तिथे कसा मोडतो आणि पुढे कसा परत सुरू होतो, जरीचा धागा न धागा काढलेला नाही, नुसते पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे फटकारे आहेत, दोन फुटांवरून बघितलं तर काहीच नाही आणि सहा फुटांवर गेलं की जर.

पण मला सर्वात जास्त वेळ जिथे थांबावंसं वाटलं ते चित्र रविवर्मांचं नाहीच. त्यांची बहीण मंगलाबाई तंपुराट्टी, तिने काढलेलं भावाचं पोर्ट्रेट इथे आहे. बहीण इतकी चांगली चित्रकार होती हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. धाकटा भाऊ सी. राजराजवर्मा, तो तर आयुष्यभर त्यांच्याबरोबर काम करत होता, लँडस्केप त्याचा हातखंडा, दोघांच्या प्रवासाची रोजनिशी त्याने इंग्रजीत लिहून ठेवली आहे म्हणून तर आज आपल्याला इतकं कळतं. एका घरातून तीन चित्रकार. तिथेच ठरलं की उद्या त्या घरात गेल्यावर फक्त रविवर्मांना शोधायचं नाही.

सोमवार

तंपानूरहून केएसआरटीसीची बस, एमसी रोडने उत्तरेला. किळीमानूर साधारण पस्तीस-छत्तीस किलोमीटर, पण रस्ता सतत वळणांचा आणि वर-खाली, दोन्ही बाजूंना दुकानं संपतच नाहीत, एक गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते कळत नाही. वेंजारमूडच्या पुढे मग रबर सुरू होतं. जानेवारीत रबराची झाडं पानगळीत असतात, त्यामुळे एवढ्या हिरव्या केरळात अचानक लालसर-पिवळे डोंगर दिसतात, प्रत्येक खोडावर तिरकी खाच आणि खाली बांधलेली वाटी.

घरी जायच्या आधी एक महत्त्वाचं सांगते. हे सरकारी म्युझियम नाही, राजघराण्यातली माणसं अजून त्या आवारात राहतात, त्यामुळे आधी विचारून, परवानगी घेऊन जायचं. आम्ही कळवलं होतं. बस स्टॉपवरून रिक्षा केली, रिक्षावाल्याला नुसतं "कोट्टारम" म्हणजे राजवाडा म्हटलं, बस्स.

राजवाडा म्हणून म्हैसूर किंवा बडोदा डोळ्यासमोर आणून जाल तर तसं काहीच नाही. सहा हेक्टरहून मोठं आवार, त्यात कौलारू उतरत्या छपरांची लहान-मोठी घरं, दोन तळी, विहिरी, देवराई म्हणजे त्यांच्याकडचं कावु, आणि कुटुंबाचं शास्त्याचं म्हणजे अय्यप्पाचं देऊळ. कोकणातल्या माणसाला तर फारच ओळखीचं वाटेल, तेच कौल, तोच ओलसर वास, फणस, सुपारी. दारात आमचं स्वागत घरातल्याच एका वयस्कर बाईंनी केलं, इंग्रजी छान बोलत होत्या, त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग घर दाखवायला एका मुलाला बरोबर दिलं.

इतिहास थोडक्यात. त्रावणकोर म्हणजे दक्षिण केरळातलं संस्थान, त्याचा मोठा राजा मार्तंडवर्मा, त्याचे वडील याच घराण्यातले. पुढे डचांच्या बाजूच्या फौजेशी किळीमानूरचे लोक लढले, त्याबद्दल १७५३ मध्ये मार्तंडवर्म्याने यांना सारा माफ करून जवळजवळ स्वतंत्र करून टाकलं, आणि आत्ताचं आवार त्याच सुमाराचं. दिवाण वेलू तंपी इंग्रजांशी शेवटची लढाई द्यायला निघाला तेव्हा त्याने आपली तलवार याच घरात ठेवली होती, ती पुढे राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांकडे सुपूर्द झाली. हे सगळं तो मुलगा फार अभिमानाने सांगत होता आणि ते बरोबरच आहे.

पण खरी गोष्ट पुढे. हे घर रविवर्मांच्या आईचं. आपल्या भाषेत आजोळच, पण तिथल्या त्यांच्या पद्धतीत, मरुमक्कत्तायममध्ये, मूल आईच्या घराचं, वारसा आईकडून, आणि घराचा कर्ता म्हणजे मामा. वडील, एळुमाविल नीलकंठन भट्टतिरिपाद, नंबूदिरी ब्राह्मण, संस्कृत आणि आयुर्वेद जाणणारे. पण मुलाचं नाव, घर, गाव सगळं आईकडचं. आई उमाम्बाबाई तंपुराट्टी स्वतः कवयित्री. तिने तुळ्ळल नावाच्या नाचत सादर करायच्या प्रकारासाठी 'पार्वतीस्वयंवरम्' लिहिलं, आणि तिच्या मागे रविवर्मांनी ते छापून घेतलं. याच घराण्यातल्या एका कोयितंपुरानांनी (ही तिथल्या राजघराण्यातल्या पुरुषांची पदवी) कथकलीसाठी 'रावणविजयम्' लिहिलेलं, म्हणजे संध्याकाळी अंगणात समई लागली की चेहरे रंगवलेले रावण आणि रंभा समोर उभे राहायचे, आणि हा पोरगा ते बघत मोठा झाला. रविवर्मांच्या चित्रांवर एक नेहमीची टीका असते की माणसं नाटकातल्यासारखी हातवारे करून उभी राहतात. असतील उभी राहत. पण ते त्यांनी फक्त युरोपच्या चित्रांवरून उचललं किंवा मुंबईच्या नाटकांवरून घेतलं असं जे म्हणतात ते मला तरी या घरात आल्यावर पुरेसं वाटत नाही, त्याच्या कितीतरी आधी हातातून आणि डोळ्यांतून पुराणकथा सांगणारी माणसं त्यांनी आपल्या अंगणात पाहिली होती.

२९ एप्रिल १८४८ ला ते इथे जन्मले. लहानपणची ती प्रसिद्ध गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, सात वर्षांचा रवि कोळसा घेऊन भिंतींवर हत्ती, घोडे, माणसं काढायचा, नोकर लोक तक्रार करायचे, आणि मामाने म्हणजे राजराजवर्मांनी ते बघितलं आणि पोराला मारायच्या ऐवजी शिकवायला घेतलं. मामा स्वतः तंजावर पद्धतीची चित्रं काढायचे. आपण ही गोष्ट 'होतकरू मुलगा आणि भला मामा' अशी ऐकतो. पण घरात फिरताना लक्षात येतं की मामा म्हणजे त्या घराचा कर्ता पुरुष, त्याचा शब्द शेवटचा. त्याने भिंत पुसायला लावली असती तर विषय संपला होता. त्या घरात मुलाचं पुढे काय करायचं हे ठरवायचा हक्क ज्याला होता, तोच माणूस नेमका चित्रकार निघाला. मावशी म्हणाली, "माझ्या वर्गात किती पोरं होती गं चांगला हात असलेली, घरी कर्त्या माणसाने नाही म्हटलं की संपलं." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

आता नालुकेट्टु. चारी बाजूंनी घर आणि मध्ये उघडं अंगण, छपरं आतल्या बाजूला उतरलेली. इथे मला हवं होतं ते मिळालं. सकाळचे साडेदहा झाले असतील, अंगणाच्या कडेला ओटीवर घरकाम करणाऱ्या एक ताई पितळेची उंच समई चिंचेने घासत बसल्या होत्या. मागे घराचा आतला भाग पूर्ण काळोखा, लाकडाचं छत, काही दिसत नाही, आणि वरून चौकातून उजेड सरळ खाली येऊन त्यांच्या कपाळावर, नाकावर आणि मनगटावर पडलेला, दुसरा गाल सावलीत पण काळा नाही, कारण अंगणातल्या फरशीवरून परत उजेड वर येत होता. पितळेवर एकच पांढरा ठिपका. मावशीने माझा दंड धरला. "ही बघ. मागे काळोख, वरून उजेड, खालून परतीचा उजेड. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसेल." आम्ही दोघी तिथे किती वेळ उभ्या होतो कोण जाणे, शेवटी त्या ताईच हसल्या आणि मल्याळममध्ये काहीतरी म्हणाल्या, मुलाने सांगितलं की त्या विचारतायत, तुमच्याकडे समई घासत नाहीत का.

काल गॅलरीत बघितलेल्या बायका आठवल्या. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर चेहरा उजळलेला, दागिन्यावर एक ठिपका. तैलरंगाचं तंत्र त्यांनी पुढे त्रिवेंद्रमला मिळवलं आणि ते मिळवणं फार अवघड गेलं, दरबारचे चित्रकार रामस्वामी नायकर यांनी तैलरंग शिकवायला नकार दिला, त्यांचा शिष्य अरुमुगम पिळ्ळै यांच्याकडून चोरून थोडं कळलं, १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला, त्यानेही फक्त बघायची परवानगी दिली. बघून बघून शिकलेला माणूस. चौदाव्या वर्षी, १८६२ मध्ये, मामा त्यांना घेऊन त्रावणकोरचे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याकडे गेले आणि महाराजांनी तिथेच ठेवून घेतलं. म्हणजे या घरातलं लहानपण चौदा वर्षांचं. पण काय बघायचं हे तोपर्यंत ठरून गेलं होतं असं मला आता ठामपणे वाटतं.

मग चित्रशाळा, म्हणजे त्यांचा स्टुडिओ, तोही याच आवारात. आणि इथे आपल्याकडचा धागा परत येतो. १८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ गेले, पुढच्या महाराजांशी जमलं नाही, रविवर्मा त्रिवेंद्रम सोडून घरी आले. तोपर्यंत व्हिएन्नाच्या प्रदर्शनात १८७३ मध्ये बक्षीस मिळालेलं, केसात गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला, त्यामुळे नाव झालेलं. संस्थानिकांची इतकी पत्रं येऊ लागली की त्यांच्यासाठी या खेड्यात पोस्ट ऑफिस उघडावं लागलं असं इथे सांगतात. माधवराव, जे त्रावणकोरचे दिवाण होते आणि पुढे बडोद्याचे झाले, ते मूळचे तंजावरचे मराठी, त्यांनीच रविवर्मांना बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे नेलं आणि चित्रांचे छापील प्रिंट काढा हेही त्यांनीच सुचवलं होतं. १८८८ मध्ये बडोद्याने रामायण-महाभारतावरची चौदा चित्रं सांगितली. दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थान फिरून आले, कुठल्या प्रांतातली माणसं काय नेसतात ते बघत, आणि परत येऊन ही चित्रं इथे, किळीमानूरला केली. शंतनू-मत्स्यगंधा, हरिश्चंद्र-तारामती, कंसमाया, विश्वामित्र-मेनका.

विचार करा. पुराणातल्या बायकांनी नेमकं काय नेसायचं हे तोपर्यंत सगळ्या देशाचं असं ठरलेलंच नव्हतं, प्रत्येक प्रांताची आपली पद्धत. त्यांनी साडी निवडली, आणि त्यात आपली नऊवारी कितीतरी वेळा. किळीमानूरच्या बायका त्या काळी मुंडू नेसायच्या, पांढरं, सोनेरी काठाचं. तो माणूस लहानपणापासून पांढरं मुंडू बघत आला आणि त्याच अंगणात बसून त्याने कासोटा घातलेल्या, रंगीत काठापदराच्या बायका काढल्या. चित्रं तयार झाल्यावर बडोद्याला जायच्या आधी मुंबईत प्रदर्शन लागलं, लोकांनी गर्दी केली, त्यांचे फोटो खपले, आणि त्यातूनच प्रेस काढायचा विचार पक्का झाला. म्हणजे मळवलीच्या दगडाची सुरुवात या खोलीपासून होते. मला तिथे उभं राहून अंगावर काटा आला, खरंच.

मूळ चित्रं मात्र आता घरात फारशी नाहीत, बरीचशी त्रिवेंद्रमच्या गॅलरीत गेली. यावरून माझं आणि मावशीचं चांगलंच वाजलं. माझं म्हणणं की दोन-चार तरी मूळ चित्रं इथे हवीत, वर्षातले काही महिने का होईना, नालुकेट्टुतला उजेड बघून लगेच दहा पावलांवर त्या उजेडाचं चित्र बघायला मिळालं तर माणसाला काय कळेल! मावशी म्हणाली की कॅनव्हासला इथली हवा मारेल, पाऊस सहा महिने, ओल, बुरशी, कसर, एसी आणि राखणदार असल्याशिवाय एक दिवस ठेवू नये. तिचं बरोबर आहे. पण मग तशी सोय इथे करावी एवढं तर मागता येईल ना. रविवर्मांच्या नावाचं लळितकला अकादमीचं केंद्र याच गावात आहे, तरुण चित्रकार येतात, काम करतात, म्हणजे इच्छा आहेच.

त्यांचं शेवटचं चित्र अर्धवट राहिलं. एक पारसी स्त्री. २ ऑक्टोबर १९०६ ला ते याच घरात गेले, वय अठ्ठावन्न, मधुमेह होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी धाकटा भाऊ गेला होता, ज्याच्याशिवाय त्यांनी क्वचितच काही मोठं काम केलं. ते अर्धवट चित्र २०२२ मध्ये त्यांच्या १७४व्या जयंतीला किळीमानूरमध्ये लोकांसमोर ठेवलं. केरळच्या खेड्यातल्या स्टुडिओत शेवटी ईझलवर एक पारशीण, म्हणजे मुंबई शेवटपर्यंत त्यांच्या मनातून गेली नव्हती.

निघताना तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. त्या वयस्कर बाईंनी काळा चहा आणि नेंद्र केळ्याचे वेफर्स दिले, नारळाच्या तेलात तळलेले, घरचे. मावशीने त्यांना विचारलं की घरात आता कुणी चित्र काढतं का. त्या म्हणाल्या, नातवंडं काढतात, आम्ही भिंती धुऊन घेतो.

मंगळवार

रात्री गावाजवळच राहिलो आणि सकाळी परत एमसी रोडने वर. निलमेल गेलं की चडयमंगलम, किळीमानूरपासून अगदी जवळ. इथे डोंगरावर जटायूचं अवाढव्य शिल्प आहे, २०१८ मध्ये खुलं झालं, दोनशे फूट लांब, एक पंख तुटलेला, पाय वर करून पडलेला. खरं तर आमच्या यादीत हे नव्हतं. पण रावणाशी लढून जटायू पडला तो याच खडकावर अशी इथली पक्की समजूत, आणि मावशी बसमध्ये एकदम म्हणाली, अगं, रावण एका हातात सीता आणि दुसऱ्या हाताने जटायूचा पंख छाटतोय, ते चित्र! ते तर रविवर्मांचंच. म्हणजे ज्या मुलाने ते पुढे काढलं त्याच्यासाठी ती लांबच्या दंडकारण्यातली गोष्ट नव्हती, घरापासून चालत जाता येईल अशा डोंगरावरची होती. केबल कारने वर गेलो, वारा भन्नाट, चारी बाजूंना डोंगर आणि रबर. शिल्प भव्य आहे, पण मला तो खडकच जास्त आवडला.

तिथून कोट्टारक्करा, अडूर, पंदळम करत दुपारी मावेलिक्करा. हे रविवर्मांचं सासर. १८६६ मध्ये इथल्या राजघराण्यातल्या भागीरथीबाईंशी लग्न झालं, मुलं अर्थातच आईच्या घरची, मावेलिक्कराची. धाकटा मुलगा रामवर्मा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि त्याने १९१५ मध्ये इथे चित्रकलेची शाळा काढली, तीच आजचं राजा रविवर्मा कॉलेज ऑफ फाइन आर्ट्स. इथल्याच, रविवर्मांच्या दोन नाती १९०० मध्ये त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या आणि पुढे राण्या झाल्या, म्हणजे त्या घराण्याचा वंश मुलींकडून चालतो म्हणून चित्रकाराचं रक्त थेट गादीपर्यंत पोचलं.

कॉलेजच्या आवारात पोरं-पोरी झाडाखाली बसून स्केचिंग करत होती. मावशी सरळ जाऊन एका मुलीच्या मागे उभी राहिली, भाषा येत नाही, काही नाही, बोटाने हवेत दाखवलं की कोपर जरा खाली घे. मुलीने खोडलं आणि परत काढलं. मग तिने पानं उलटून आधीची सगळी स्केचेस मावशीला दाखवली, आणखी दोघं आपापल्या वह्या घेऊन आले, आणि आमची चेंगन्नूरची बस चुकली. पुढची तासाभराने होती, त्यामुळे मावशीचा वर्ग तेवढा वेळ चालला.

कुणाला जायचं असेल तर : किळीमानूरला जवळचं मोठं रेल्वे स्टेशन वर्कला, तिथून रिक्षा-बस मिळते, पण त्रिवेंद्रमहून बसने जाणं जास्त सोपं. डिसेंबर ते फेब्रुवारी बरं. घरात आधी विचारून जा, फोटो विचारूनच काढा, आणि सकाळी दहा ते अकराच्या मध्ये नालुकेट्टुत असाल असं बघा. आम्ही केलं त्याच्या उलट करा, आधी घर आणि दुसऱ्या दिवशी गॅलरी, म्हणजे तो उजेड डोळ्यात ताजा असताना शकुंतलेसमोर उभं राहता येईल. फक्त दुसरा दिवस सोमवार नको.